चिठ्ठ्या टाकणं थांबवा, रांग लावा : कॅनडाच्या ३४३ खासदारांना खुलं पत्र

प्रति,
हाऊस ऑफ कॉमन्सचे सर्व सन्माननीय सदस्य,
पार्लमेंट हिल, ओटावा

विषय : आईवडिलांना कायमचं कॅनडात आणण्याची योजना

महोदया / महोदय,

स. न. वि. वि.

मी मिसिसागात राहते. २०१२ साली आम्ही पुण्याहून इथे आलो. २०१८ साली मी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि तेव्हापासून एकही संघीय निवडणूक चुकवलेली नाही. या वर्षी २८ एप्रिललाही कामावरून परतताना मत देऊन आले. लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद भरून देणं हा माझा व्यवसाय आहे.

माझी आई ७६ वर्षांची आहे. वाईला, गणपती घाटापासून पाच मिनिटांवर, एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं. मी तिची एकुलती एक मुलगी. वडील मे २०२१ मध्ये कोविडने गेले. त्याआधी काही दिवस, २२ एप्रिलला, कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली होती आणि ती सप्टेंबरअखेरपर्यंत बंदच राहिली. मी गेले असते तर परत कधी येता आलं असतं याचा भरवसा नव्हता, आणि घरी दीड वर्षाचं मूल होतं. त्या निर्णयाला मी दोष देत नाही, काळच तसा होता. पण वडिलांचे दिवस आईने एकटीने केले आणि मी ते फोनवर पाहिले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हे पत्र लिहिण्यामागे तीही आहे.

पत्राची इंग्रजी प्रत मी माझ्या खासदारांना टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते इथल्या आणि तिकडच्या मराठी माणसांनीही वाचावं म्हणून. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, कॅल्गरी, सरे इथल्या कितीतरी घरांत हा विषय जेवताना निघतो आणि ‘बघू, पुढच्या वर्षी काहीतरी होईल’ म्हणून मिटतो. तिकडे साताऱ्यात, नाशिकमध्ये, नागपुरात आईवडिलांना वाटत राहतं की मुलांनीच मनावर घेतलं नाही. खरं काय आहे ते त्यांनाही कळू दे.

निमित्त ४ नोव्हेंबरचं. त्या दिवशी अर्थसंकल्पासोबत सरकारने पुढच्या तीन वर्षांचा इमिग्रेशनचा आराखडा मांडला. दर वर्षी ३,८०,००० नवे कायम रहिवासी. त्यांत २०२६ साली आईवडील आणि आजीआजोबा मिळून १५,०००. २०२५ साठी हाच आकडा २४,५०० होता. मी आराखडा दोनदा वाचला. नवीन अर्ज कधी घेणार, याचं उत्तर मला त्यात सापडलं नाही.

आधी मला जे मान्य आहे ते सांगते. देशात घरं कमी पडली, भाडी परवडेनाशी झाली, लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. माझ्याच गल्लीत एका तळघरात सहा-सहा विद्यार्थी राहताना मी पाहिले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी समतोल साधला गेला नाही हे स्वतः कबूल केलं आणि आकडे खाली आणले. आकड्यांना मर्यादा हवी हे मला पटतं. त्यामुळे कृपा करून हे पत्र ‘अजून माणसं येऊ द्या’ अशी मागणी करणाऱ्यांच्या ढिगात टाकू नका. तुम्ही वर्षाला पंधरा हजार म्हणा, दहा हजार म्हणा. ते दहा हजार कोण, हे ज्या पद्धतीने ठरतं त्याबद्दल मी बोलते आहे.

ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.

वाईच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगायला हवं, आणि तुमच्यापैकी जे या वर्षी पहिल्यांदा निवडून आलात त्यांच्यासाठीही. नोव्हेंबर २०११ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ही योजना दोन वर्षांसाठी थांबवली, कारण दीड लाखांहून जास्त माणसांची फाइल तुंबली होती. २०१४ साली दार उघडलं ते वर्षाला फक्त ५,००० अर्जांपुरतं. जानेवारी उजाडला की लोक कुरिअरवाल्यांना पैसे देऊन रांगेत उभे करायचे. लिबरल सरकारने मर्यादा दुप्पट केली आणि २०१७ पासून सोडत सुरू केली. त्यावर ओरड झाली म्हणून २०१९ साली ‘जो आधी येईल त्याला’ अशी पद्धत आणली. २८ जानेवारी २०१९ ला ऑनलाइन फॉर्म उघडला आणि दहा-अकरा मिनिटांत २७,००० जागा भरल्या. ज्याचं इंटरनेट वेगवान, ज्याची बोटं चपळ, ज्याला दुपारी बारा वाजता काम सोडून स्क्रीनसमोर बसता आलं, त्याचे आईवडील आले. मग २०२० मध्ये पुन्हा सोडत. १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर असे तीन आठवडे फॉर्म खुला होता आणि सुमारे दोन लाख लोकांनी तो भरला. आम्हीही भरला, आई आणि बाबा दोघांसाठी.

त्यानंतर आजतागायत तो फॉर्म उघडलेला नाही. २०२१, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ या पाचही वर्षी त्याच जुन्या यादीतून नावं काढली गेली. २०२४ साली ३५,७०० जणांना अर्ज करायला बोलावलं, या वर्षी १७,८६० जणांना. दर वेळी आठवडाभर मी ईमेलचा स्पॅमसुद्धा उघडून पाहते.

या पद्धतीत वाट पाहण्याला काहीच किंमत नाही, हे माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं गाऱ्हाणं. पाच वर्षं थांबलेल्या माणसाची संधी पहिल्या दिवशी होती तेवढीच आजही. रेशनच्या दुकानात, ससूनच्या ओपीडीत, एसटीच्या खिडकीवर मी रांगा लावल्या आहेत. रांगेचा कंटाळा येतो, पण पुढे किती माणसं आहेत ते दिसतं. घरी सांगता येतं की तासाभरात येते. आईने दर दिवाळीला विचारलं, ‘आपला नंबर कितवा गं?’ आणि दर दिवाळीला मी म्हटलं, ‘नंबर नसतो आई.’ एकतीस वर्षं हजेरीपट क्रमाने भरलेल्या बाईला हे कसं समजावायचं?

दुसरं गाऱ्हाणं माझं नाही, माझ्यानंतर आलेल्यांचं आहे. जे २०२१ मध्ये किंवा त्यानंतर कायम रहिवासी झाले त्यांनी तो फॉर्म कधी पाहिलाच नाही. त्यांच्या आईवडिलांचं नाव लिहायला या देशात कागदच नाही. कोविडच्या काळात ज्या नर्सेसना, ट्रकचालकांना, वेअरहाऊसमधल्या मुलांना सरकारने अत्यावश्यक म्हटलं आणि पुढे कायम रहिवासी करून घेतलं, त्यांतले पुष्कळ यातच मोडतात. योजना बंद आहे असं त्यांना कुणी सांगत नाही, आणि सुरू आहे असंही म्हणता येत नाही.

आता माझ्या टेबलावरचं. आईवडिलांना बोलवायचं तर सलग तीन वर्षांचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर दाखवावं लागतं, आणि ती रक्कम कमी उत्पन्नाच्या सरकारी रेषेहून तीस टक्के जास्त असते. नवरा-बायको, दोन मुलं आणि येणारे आईवडील अशा सहा जणांना आज ती नव्वद हजार डॉलरच्या आसपास पडते. अट असावी, त्याला माझी ना नाही. पण बाळंतपणाच्या रजेत एम्प्लॉयमेंट इन्शुरन्समधून, म्हणजे नोकरदारांच्या सरकारी विम्यातून, पगाराच्या ५५ टक्के मिळतात, त्यालाही वरची मर्यादा आहे. मुलांसाठी मिळणारा चाइल्ड बेनिफिट या उत्पन्नात धरला जात नाही. म्हणजे ज्या वर्षी घरात आजीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं त्याच वर्षी कुटुंब अटीतून बाहेर पडतं. गेल्या वर्षी विदर्भातलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्यांचं नाव निघालं होतं! मिठाईचा डबा घेऊन आले होते. मी २०२२ चा कागद काढला. ती त्या वर्षी रजेवर होती, रक्कम काही शे डॉलरनी कमी भरत होती. तीन वर्षांतलं एक वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं. डबा माझ्या टेबलावर तसाच राहिला.

बोलावणी दर वर्षी जागांहून कितीतरी जास्त पाठवली जातात, त्याचं कारण हेच. आधी नाव काढायचं, पात्रता मागाहून पाहायची. बोलावलेल्यांतले कितीजण गळणार, हे आधीच गृहीत धरलेलं असतं.

‘मग सुपर व्हिसा आहे ना’ असं उत्तर मला तुमच्यातल्या एकाहून अधिक कार्यालयांतून मिळालं आहे. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

सुपर व्हिसा म्हणजे आईवडिलांना, आजीआजोबांना पाहुणे म्हणून बराच काळ राहू देणारा व्हिसा. तो २०११ साली आला तो योजना थांबवताना दिलेला दिलासा म्हणून. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. सोय चांगली आहे, मी ती वापरली आहे. २०२३ मध्ये आई सात महिने आमच्याकडे होती. व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचं आरोग्य विमासंरक्षण घ्यावं लागतं. रक्तदाब आणि साखर असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा हप्ता आमच्या दोन महिन्यांच्या घरभाड्याहून जास्त आला. तो आम्ही भरला. पण विम्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की जुनी दुखणी ठरावीक काळ ‘स्थिर’ असली तरच धरली जातील. औषधाचा डोस बदलला की ती स्थिर राहत नाहीत. डिसेंबरात आईला चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी गोळी बदलावी म्हटलं, आणि आईने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘बदलली तर विमा जाईल का?’ गोळी बदलू नये म्हणून तिने चक्कर लपवायला सुरुवात केली. फेब्रुवारीत मी तिला परत सोडून आले.

त्या सात महिन्यांत तिने माझ्या मुलाला मराठी वाचायला शिकवलं. मंडळाच्या गणपतीला उकडीचे दीडशे मोदक केले. शेजारच्या पोर्तुगीज आजींशी, एकमेकींची भाषा येत नसताना, रोज कुंपणावरून बोलायची. तरी जाताना म्हणाली, ‘तुझ्याकडे पाहुणी म्हणून किती राहू?’ हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता. तिच्या पासपोर्टवर तेच लिहिलेलं होतं.

पाच वर्षं राहू देता, म्हणजे माणूस राहायला हरकत नाही हे तुम्हालाही मान्य आहे. मग पाच वर्षं राहिलेल्या, स्वतःचा विमा स्वतः भरलेल्या, कुणावर भार न झालेल्या म्हातारीला सहाव्या वर्षी कायम राहण्यासाठी अर्ज का करता येऊ नये? तिला तेव्हाही पुन्हा चिठ्ठीच आहे.

भाराबद्दल बोलायचं तर सरळ बोलू. म्हातारं माणूस आलं की दवाखाना लागणार, हा खर्च खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण हेही सभागृहात सांगितलं जावं, की बोलावणारा नातेवाईक क्युबेकबाहेर वीस वर्षांची लेखी हमी देतो. आईवडिलांनी सामाजिक मदत घेतली तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होते. ओल्ड एज सिक्युरिटी या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनसाठी इथे दहा वर्षं राहावं लागतं, म्हणजे माझी आई आज आली तरी ८६ व्या वर्षापर्यंत तिला ते मिळणार नाही. दुसऱ्या बाजूला, २०२१ च्या अर्थसंकल्पात संघीय सरकारने पाच वर्षांत तीस अब्ज डॉलर बालसंगोपनासाठी ठेवले आणि ओंटारिओत त्या योजनेतल्या डेकेअरची फी आता दिवसाला बावीस डॉलरच्या वर जात नाही. चांगलं धोरण आहे. माझ्या ग्राहकांना त्याचा फार उपयोग होतो, जागा मिळाली तर. मिळत नाही तेव्हा घरची आजीच मूल सांभाळते आणि त्या मुलाची आई कामावर जाऊन कर भरते. तो कर माझ्या हातून जातो, म्हणून मला दिसतो. आजीचा खर्च मोजणाऱ्यांनी तोही मोजावा.

तिकडच्या नातेवाइकांचं एक म्हणणं असतं, त्यालाही इथेच उत्तर देते, कारण इथलेही काहीजण तेच म्हणतात. ‘एवढं आहे तर परत जा.’ माझा मुलगा इथे जन्मला. त्याचे मित्र, त्याची आइस हॉकी, त्याचा देश इथे आहे. शपथ घेताना मी भारताचा पासपोर्ट सोडला, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ही गोष्ट मी हलक्या मनाने केली नव्हती. ज्या देशासाठी केली त्या देशाच्या इमिग्रेशन कायद्याच्या तिसऱ्या कलमात, उद्दिष्टांच्या यादीत, कुटुंबांना कॅनडात एकत्र आणणं हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. २००१ साली याच सभागृहाने ते मंजूर केलं. शेजारच्या अमेरिकेत नागरिकाच्या आईवडिलांसाठी संख्येची मर्यादाच नाही. मी तेवढं मागत नाही.

आणखी एक. मे २०१६ मध्ये याच सभागृहात भारतीय प्रवाशांना घेऊन आलेल्या कोमागाटा मारू जहाजाबद्दल माफी मागितली गेली. १९१४ साली व्हँकुव्हरच्या बंदरातून ज्या नियमाने ते जहाज परत पाठवलं, त्या १९०८ च्या सलग प्रवासाच्या नियमात (मायदेशाहून वाटेत न थांबता थेट यायचं) भारताचं नाव कुठेही नव्हतं. पूर्ण करता येणार नाही अशी अट घातली की पुरत होतं. इथे आधीच आलेल्या पंजाबी कामगारांना त्याच नियमामुळे जवळजवळ दहा वर्षं बायकामुलं आणता आली नाहीत. माझी अवस्था त्यांच्यासारखी आहे असं मी म्हणणार नाही, ते त्यांच्या हालांचा अपमान होईल. पण कुणालाही ‘येऊ नका’ न म्हणता वाट कशी बंद ठेवता येते, हे या सभागृहाला चांगलं ठाऊक आहे.

आता मागण्या.

सोडत बंद करा आणि तारखेप्रमाणे रांग लावा. २०२० च्या यादीत जे उरले आहेत त्यांना आधी घ्या, त्यांना क्रमांक द्या, आणि तो क्रमांक त्यांना ऑनलाइन पाहता यावा. नवीन नोंदणी त्याच रांगेच्या शेवटी सुरू करा. वर्षाला कितीजण घ्यायचे ते तुम्ही ठरवा. रांग वीस वर्षांची निघाली तर तसं सांगा, लोक आपापला विचार करतील.

एकटी राहिलेली आई किंवा एकटे राहिलेले वडील, आणि ज्यांचं दुसरं मूल कुठेच नाही असे आईवडील, यांना रांगेत वेगळा भाग ठेवा. यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

उत्पन्नाच्या अटीत बाळंतपणाच्या आणि पालकत्वाच्या रजेचं वर्ष वगळून त्याच्या आधीचं वर्ष धरण्याची मुभा द्या. याला एक पैसा लागत नाही.

सुपर व्हिसावर सलग पाच वर्षं काढलेल्यांना कायम राहण्याचा मार्ग द्या. आरोग्य प्रांतांच्या हातात आहे हे मला माहीत आहे. पण प्रांतांशी बोलून, महिन्याला रक्कम भरून सरकारी आरोग्यविम्यात सामील होण्याची सोय करणं तुमच्या आवाक्याबाहेर नाही. आज तो पैसा आम्ही खासगी कंपन्यांना देतोच आहोत, तो दवाखान्यांना द्यायला आमची तयारी आहे.

आणि यातलं काहीच करायचं नसेल, ही योजना हळूहळू मिटवूनच टाकायची असेल, तर ते सभागृहात चर्चा करून, मत देऊन करा. माझ्या खासदाराने हात वर केला की नाही हे मला दिसलं पाहिजे. आज मंत्र्यांच्या सूचनेने ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ काम चालतं, आणि विरोधी बाकांवरूनही त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. निवडणुकीत मात्र प्रत्येक पक्षाचे उमेदवार आमच्या मंडळात आले. या वर्षी माझ्या दाराशी आलेल्या दोघांना मी हा प्रश्न विचारला. दोघांनीही वहीत लिहून घेतलं.

मराठी वाचकांना एवढंच सांगते : कॅनडात खासदाराला पत्र पाठवायला टपाल तिकीट लागत नाही. पाकिटावर नाव आणि हाऊस ऑफ कॉमन्स, ओटावा एवढं लिहिलं की पोचतं. संसदेच्या ई-याचिकेला पाचशे सह्या लागतात, ती सभागृहात मांडली गेली की सरकारला पंचेचाळीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. सही करायला नागरिक असण्याची गरज नाही, इथे राहत असलात तरी चालतं. याचिकेचा मसुदा मी लिहायला घेतला आहे.

आणि खासदारांना एक शेवटचं. वाईच्या घरात मी कॅमेरा बसवला आहे. इथे रात्री साडेनऊ वाजता तिथे सकाळचे आठ झालेले असतात. आई उठून तुळशीला पाणी घालून आत आली की मी झोपते. या पावसाळ्यात माजघर गळलं. कौलं बदलायची तर मोठा खर्च आहे, आणि गावातलं एक गिऱ्हाईक घर विकत घ्यायला तयार आहे. कौलं बदलू की घर देऊन टाकू, असं आई मला प्रत्येक फोनवर विचारते. २०२० ची ती यादी अजून जिवंत आहे की संपली, एवढं तुम्ही लेखी कळवलंत तर मला तिला उत्तर देता येईल.

कळावे,

आपली नम्र,
मिसिसागातील एक नागरिक
नोव्हेंबर २०२५